बाळाची छाती उचलली का?

बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर सिस्टरच्या हाती जेमतेम एक मिनिट असतं. अंग कोरडं करायचं, पाठ चोळायची. तरीही श्वास आला नाही, तर मान किंचित मागे करून मास्क बसवायचा: नाक-तोंड झाकलं पाहिजे, डोळ्यांवर यायला नको. मग पिशवी दाबायची, मिनिटाला 40 ते 60 वेळा. छाती उचलली, तर हवा आत जातेय. नाही उचलली, तर मान, मास्क, घशातला चिकटा सगळं पुन्हा तपासायचं.

हे फोनवर शिकता येतं का?

जळगावच्या पिंप्राळा उपनगरात भाड्याच्या खोलीत राहून बी.एस्सी. नर्सिंग करणारी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अशा मुलींचा वर्ग फोनच्या पडद्यावर आला. त्याच एप्रिलमध्ये केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कोविड प्रशिक्षणासाठी ‘दीक्षा’ या ऑनलाइन शिक्षणमंचावर ‘आयगॉट’ सुरू केलं. तेव्हा ती निकड होती. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेने नवा अभ्यासक्रम आणला, तेव्हा प्रसूतिशास्त्रात ‘सेफ डिलिव्हरी अॅप’ सक्तीचं केलं. डेन्मार्कच्या मॅटर्निटी फाउंडेशनने तिथल्या विद्यापीठांसह तयार केलेलं हे अॅप छोट्या अॅनिमेशनपटांतून बाळंतपणातल्या अडचणी हाताळायला शिकवतं. एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही.

त्याचा कस इथिओपियात लागला. तिथल्या 73 आरोग्य केंद्रांपैकी काहींतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हे अॅप असलेले फोन दिले, बाकीच्यांचं काम नेहमीसारखं चाललं. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अॅपवाल्या कर्मचाऱ्यांचं बाळाला श्वास देण्याचं कसब आणि त्याबद्दलचं ज्ञान स्पष्ट वाढलं होतं. जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यांच्याकडे हजारी 14, इतरत्र 23 होतं. पण हा फरक अॅपमुळेच पडला, असं संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आलं नाही.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्याचा सूरही असाच सावध आहे. 16 चाचण्या आणि साडेपाच हजारांहून जास्त आरोग्य कर्मचारी तपासून निघालं ते एवढंच: ई-लर्निंग आणि पारंपरिक शिक्षण यांत ज्ञान, कौशल्य किंवा रुग्णाला होणारा फायदा, कशातच फारसा फरक दिसत नाही.

याचा एक अर्थ असा, की जे व्याख्यान वर्गात बसून ऐकायचं ते रात्री खोलीवर, तीनदा मागे नेऊन ऐकलं तरी बिघडत नाही. फायदा आहे तो वाचलेल्या तासाचा: तो हाताच्या सरावाला देता येतो. मास्कच्या कडेतून हवा निसटतेय हे बोटांना कळावं लागतं, आणि त्यासाठी स्किल लॅबमधल्या बाहुलीवर पुन्हा पुन्हा हात बसवण्याला पर्याय नाही. ऑनलाइन वर्ग घेऊन लॅबचे तासही कापले, तर मुलीचं नुकसान दुहेरी.

खानदेशात आणखी एक गाठ आहे ती भाषेची. पुस्तकात ‘प्लॅसेन्टा’ असतो, लेबर रूममध्ये ‘वार’ पडायची असते. शिक्षण इंग्रजीत, आणि समोरची बाळंतीण अहिराणीत सांगते, ‘पोट दुखस’. परदेशी अॅप कितीही चांगलं असलं, तरी हे संभाषण त्यात सापडणार नाही. ते इथल्याच अनुभवी सिस्टरांकडे आहे.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजांनी एवढं करून पाहावं. व्याख्यान फोनवर द्या आणि तो तास बाहुलीला द्या. वॉर्डात वर्षं काढलेल्या सिस्टरांकडून अहिराणी आणि तावडी या बोलींमधल्या संभाषणाचे पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ करून घ्या. आणि ते मुलींच्या फोनमध्ये आधीच भरून द्या. प्रत्येकीच्या रिचार्जवर अभ्यास अवलंबून राहायला नको.