कठड्यावरील तांबडे ठिपके

ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा कठडा बसविला, तेव्हा गंजाची चिंता कायमची मिटली अशी आमची समजूत झाली होती. सकाळच्या मिस्साला येणारी वृद्ध मंडळी त्याच कठड्याला धरून पायऱ्या चढतात. यंदा धर्मग्रामाच्या सणापूर्वी त्याला झिलई करून घेतली. सणाच्या दिवशी कठडा आरशासारखा लखलखत होता. पण महिना उलटतो न उलटतो तोच त्यावर तांबडे ठिपके उमटले आणि एका आजीबाईंच्या पांढऱ्या पातळाला गंजाचा डाग लागला. आम्ही कारागिराला बोलावून चार शब्द सुनावले व त्याच्या मजुरीचा अखेरचा हप्ता रोखून धरला. त्या तरुणाने खाली मान घालून सारे ऐकून घेतले. पुढे जे कळले ते वाचकांपुढे मांडणे आम्हांस भाग आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रकामात आयुष्य घालविलेले एक धर्मग्रामस्थ मिस्सानंतर कठड्यापाशी थांबले. नळीवरून बोट फिरवून त्यांनी विचारले, "फादर, घासायची चक्रे कोणी दिली होती?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले की, खर्च वाचावा म्हणून आवाराच्या लोखंडी फाटकाच्या कामातून उरलेली चक्रे आम्हीच कारागिराच्या हाती ठेवली होती. ते गृहस्थ हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगच्या लोखंडामुळे नव्हे, तर त्यात मिसळलेल्या क्रोमियममुळे. हे प्रमाण शेकडा साडेदहाच्या खाली असून चालत नाही. आपल्या नेहमीच्या वापरातील ३०४ जातीत क्रोमियम शेकडा १८ च्या आसपास व निकेल ८ च्या आसपास असते. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत असता क्रोमियमयुक्त पोलादाचा हा गुण त्यांच्या ध्यानी आला. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन क्रोमियमचा एक अतिसूक्ष्म थर पृष्ठभागावर तयार होतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील दोन-तीन भागांइतकीच त्याची जाडी! आतल्या धातूचे सारे रक्षण एवढ्याशा पापुद्र्यावर अवलंबून असते.

मग झिलई करताना तो खरवडून निघत नाही काय? निघतो. परंतु येथेच आमचा गैरसमज होता. पृष्ठभाग स्वच्छ असेल व हवा लागत असेल, तर तो थर आपोआप पुन्हा धरतो. घासण्याने जेवढी हानी होते त्याहून कितीतरी अधिक हानी घासल्यानंतर मागे राहिलेल्या वस्तूंनी होते. फाटक घासलेल्या चक्रात साध्या लोखंडाचे कण रुतून बसलेले होते. ते नळीच्या अंगात चेपले गेले व दमट हवेत गंजू लागले. आम्ही पाहिलेला गंज प्रथमतः त्या पाहुण्या लोखंडाचा होता. मात्र असे कण बसून राहिले, तर त्यांच्याखाली मूळ थरही नीट धरत नाही आणि पाहुण्याचा रोग यजमानाला जडतो.

सांध्यांची गोष्ट निराळी. झाळकामाच्या वेळी सांध्याभोवती निळसर-पिवळी झाक येते. तिच्या खालच्या धातूतील क्रोमियम घटलेले असते, म्हणून ती झाक नुसती चमकवून भागत नाही. खालचा निःसत्त्व भागही काढावा लागतो. घासताना चक्र एका जागी दाबून धरले तरी नळी तापून असाच रंग धरते. यासाठी हात हलका व फिरता हवा. कागद क्रमाने बारीक करीत न्यावा, १२० नंतर १८०, मग २४०, आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याखेरीज पुढे जाऊ नये. खोल ओरखड्यांत पाणी, क्षार व मळ साचून राहतो. चक्रे व कागद नवे असावेत आणि ते अन्य लोखंडाला लावू नयेत. तारेचा लोखंडी काथ्या तर घरातल्या भांड्यांनाही नको.

आमच्या अपराधाचा दुसरा भाग याहून लाजिरवाणा. सणासाठी पायऱ्यांची फरशी ॲसिडने धुतली गेली. फरशीचे ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यातील क्लोराइड या संरक्षक थराचा हाडवैरी आहे. त्याचे शिंतोडे व वाफ कठड्याच्या पायथ्याशी लागली आणि तेथे टाचणीने टोचावे तशी बारीक भोके पडली. कपड्यांच्या ब्लीचनेही हाच अनर्थ होतो.

कारागिराला आम्ही पुन्हा बोलावले. प्रथम क्षमा मागितली, नंतर हप्ता दिला व नव्या कामाची मजुरी ठरविली. त्याने नव्या कागदाने रुतलेले कण काढले आणि साबण-पाण्याने तेलाचा अंश घालविला. मग लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, शंभर भाग पाण्यात दहा भाग घेऊन त्यात फडकी भिजवून नळ्यांभोवती गुंडाळली आणि अर्धा तास ओली ठेवली. हे आम्ल उरलेसुरले लोखंड विरघळविते, क्रोमियमला मात्र धक्का लावीत नाही. शेवटी भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन नळ्या कोरड्या पुसल्या. पायथ्याची भोके काही गेली नाहीत. ती आता राहणारच.

ठिपके पुन्हा दिसलेले नाहीत. फरशी कशाने धुवावी याविषयी मात्र चर्चच्या सेवकाशी आमचे अद्याप एकमत झालेले नाही. तूर्त ॲसिडची बाटली आमच्या कपाटात कुलपाआड आहे.