जुनी वाइन म्हणजे चांगली वाइन? संभाजीनगरच्या उन्हाळ्यात हे गणित का बिघडतं

चार बाटल्या, चारही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एक नाशिकच्या दिंडोरीची, एक सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची, एक बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची आणि एक थेट फ्रान्समधल्या बोर्दोची. सगळ्या रेड वाइन, सगळ्या किमान पाच वर्षं जुन्या. सिडकोतल्या एका मित्राच्या घरी आम्ही सहा जण जमलो. कोणत्या कागदात कोणती बाटली, हे फक्त यजमानाला माहीत. बाकी पाच जणांनी न बोलता गुण दिले.

कागद उघडले तेव्हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात जुनी बोर्दो शेवटच्या क्रमांकावर होती. पहिली आली नंदी हिल्सची, अर्ध्या गुणाने मागे नाशिक. पण यात फ्रान्सचा दोष नव्हता. बोर्दोची बाटली मित्राच्या भावाने परदेशातून आणली होती आणि तेव्हापासून तिने हॉलच्या शोकेसमध्ये उभ्याने तीन उन्हाळे काढले होते. बाकीच्या तिन्ही बाटल्या थंड जागी ठेवलेल्या होत्या.

'वाइन जितकी जुनी तितकी भारी' असं आपण सगळेच ऐकत आलोय. ते कितपत खरं, समजून घेऊ.

बाटलीत नेमकं काय होतं?

रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं. कोरा चहा जास्त उकळला की जीभ आखडते, तो तुरटपणा टॅनिनचाच. बाटली बंद असताना हे टॅनिन आणि रंगद्रव्यं हळूहळू एकमेकांना जोडली जातात. त्यातला काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. तुरटपणा मऊ होतो, जांभळा रंग विटकरी होत जातो. ताज्या फळाच्या वासाऐवजी सुकामेवा, चामडं, तंबाखू असे वास येऊ लागतात.

पण ही वाट सगळ्याच वाइनना झेपत नाही. त्यासाठी मुळात भरपूर टॅनिन आणि आंबटपणा लागतो. जगात बनणाऱ्या बहुतांश वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच असतात. त्या ठेवून दिल्या तर फक्त शिळ्या होतात.

मग उन्हाळा काय करतो?

वाइन साठवायला साधारण १२ ते १५ अंश तापमान चांगलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. पंखा चालू असला तरी बंद घरातलं कपाट ३४-३५ अंशांवर सहज पोहोचतं. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या फरकात तो चौपट.

'मग वाइन चौपट लवकर पिकेल' असं वाटेल, पण तसं होत नाही. प्रत्येक अभिक्रियेचा वेग सारखा वाढत नाही. नको असलेले बदल पुढे पळतात आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी होते. शिवाय गरम होऊन वाइन प्रसरण पावते, बूच ढकललं जातं आणि हवा आत शिरते. आमच्या बोर्दोचं बूच अर्ध्याहून जास्त भिजलेलं होतं.

नाशिक, अकलूज, नंदी हिल्स: फरक कशात?

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. दख्खनमध्ये वेल झोपतच नाही. त्यामुळे आपल्याकडे दोन छाटण्या: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये.

शेवटच्या आठवड्यांत ऊन वाढलं की द्राक्षात साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा उतरतो. म्हणून रात्रीचा गारवा महत्त्वाचा. नंदी हिल्सचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, नाशिक ६०० च्या आसपास. नीरा नदीकाठचं अकलूज त्याहून खाली आणि जास्त उष्ण. तिथे इटलीच्या सांजोवेझे जातीची द्राक्षंही लावली आहेत. नाशिक आणि नंदी हिल्समध्ये शिराज आणि काबेर्ने सोव्हिन्यों जास्त दिसतात.

नव्या प्रदेशाची वाइन टिकत नाही का?

हा आक्षेप कॅलिफोर्नियानेही ऐकला होता. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये ब्रिटिश व्यापारी स्टीव्हन स्पुरियर यांनी कॅलिफोर्नियाच्या ६ आणि बोर्दोच्या ४ रेड वाइन नावं झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, १९७३ ची. त्यावर बचाव असा झाला, की बोर्दो अजून कोवळी आहे, थांबा, मुरल्यावर बघा.

बरोबर ३० वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच रेड वाइन लंडन आणि नापा इथे पुन्हा उघडल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे! अव्वल ठरली रिज माँटे बेलो, १९७१ ची.

आपली अशी परीक्षा अजून व्हायची आहे. नंदी हिल्समध्ये ग्रोव्हर यांची सुरुवात १९८८ ची, नाशिकच्या सुलाची १९९९ ची आणि राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. बोर्दोकडे शतकांचा अनुभव आहे.

तुलना मात्र आपल्या भागाला नवी नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात इटलीच्या वाइनला पहिली पसंती, मग लाओडिसिया आणि अरबस्तानची, अशी नोंद सापडते. याच बंदराकडे आपल्या पैठणहून गोमेदाचे दगड गाड्यांनी जायचे.

घरी तुलना करायची तर

• बाटल्या कागदात गुंडाळून क्रमांक द्या. गुंडाळणाऱ्याने गुण देऊ नयेत.
• 'रूम टेंपरेचर' म्हणजे युरोपातली खोली, आपली नव्हे. रेड वाइन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा. १६ ते १८ अंश पुरे.
• जुनी बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग हळू ओता.
• प्रत्येकी ४०-५० मिली पुरेशी. मध्ये पाणी आणि साधा पाव. तर्रीदार काही नको, अत्तरही नको.
• रंग, वास, चव, मागे रेंगाळणारी चव असे २० पैकी गुण द्या. सगळ्यांचे लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही.
• साठवताना बूच असलेली बाटली आडवी, अंधारात, थंड जागी ठेवा. तशी जागा नसेल तर एप्रिलच्या आत पिऊन टाका.

परवाना आणि वयाचे नियम पाळा, पिऊन गाडी चालवू नका. मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आमच्या मित्राने दुसऱ्याच दिवशी उरलेल्या दोन बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडव्या केल्या. शोकेसमध्ये आता त्या बोर्दोची रिकामी बाटली उभी आहे. तिला उन्हाळ्याची भीती नाही.