मस्कतमध्ये आठ तास मिळाले तर? (भागाचं लिखित रूप)

म्हसळ्यातून बोलतोय. आजचा विषय लेओव्हर, म्हणजे दोन विमानांच्या मधला रिकामा वेळ. आपल्या म्हसळा-श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला असतं. मस्कतचं विमानतळ त्यातल्या अनेकांनी पाहिलंय. शहर? फारच थोड्यांनी. माझं म्हणणं एवढंच, की ओमानची ही राजधानी आपल्या किनाऱ्याच्या नात्यातली आहे. वेळ असेल तर भेटून या.

आधी हिशोब. समजा आठ तास आहेत. बाहेर पडायला एक तास, जाण्यायेण्याच्या टॅक्सीला दीड तास, आणि पुढच्या विमानाआधी अडीच तास परत हजर. उरले तीन. पाच तासांचाच थांबा असेल तर मोह टाळा, विमान चुकेल. आणि व्हिसाचा नियम तिकीट काढतानाच तपासा. पासपोर्ट बघून तो बदलतो.

तीन तासांत दोनच जागा बघायच्या. पहिली मत्रा. विमानतळापासून साधारण ३० किलोमीटर. समुद्राला लागून रस्ता, मागे उघडे डोंगर आणि आत जुना बाजार, ज्याला तिकडे सूक म्हणतात. आत शिरलं की लुबानचा वास येतो. आपला लोबान हा शब्द तिथलाच बरं का! फक्त दुपारी आणि शुक्रवारी सकाळी बरीच दुकानं बंद असतात.

दुसरी जागा तिथून तीन-चार किलोमीटरवर, जुनं मस्कत. मध्ये अल आलम राजवाडा आणि दोन्ही बाजूंना कातळावर दोन किल्ले, जलाली आणि मिरानी. बाहेरूनच बघा, तेवढं पुरतं. बंदराचं तोंड अरुंद, त्यावर दोन्हीकडून तोफा. शत्रूचं जहाज आत येणार कसं?

आता नातं बघा. पोर्तुगीजांनी मस्कत घेतलं १५०७ मध्ये. हे दोन किल्ले त्यांनी १५८०च्या दशकात उभे केले. तेच पोर्तुगीज आपल्या चौलला होते, कोर्लईच्या किल्ल्यावर होते. मस्कत ओमानी लोकांनी १६५० मध्ये परत घेतलं, चौल-कोर्लई मराठ्यांनी १७४० मध्ये. कोर्लई गावात तर आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात.

त्याच्याही आधीची गोष्ट. १५व्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून निघाला, मस्कतला थांबला आणि गुजरातमार्गे चौलला उतरला. सोबत काय होतं? विकायला एक घोडा! दख्खनच्या सुलतानांना अरबी घोडे लागायचे आणि ते याच वाटेने यायचे.

हे मी का सांगतोय? कारण आपल्या घरात आखात म्हणजे पगार, ओव्हरटाइम आणि वर्षाकाठची सुट्टी. पण ही ये-जा तेल सापडायच्या कितीतरी आधीची आहे. हे माहीत असलं, की तिथल्या रस्त्यावर चालताना माणूस जरा ताठ चालतो.

आणि तिकीट नसेल तर? दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, तिथून मुरूडवरून कोर्लई. पासपोर्ट लागत नाही. तुमच्या घरातलं कुणी मस्कतला राहिलं असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा आणि ते काय म्हणतात ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!