सात, आणि कंसात पुन्हा सात

संपादकांनी विषय दिला तो असा: सत्तरच्या दशकातलं इंग्लिश फुटबॉल, तेही टीव्हीवरचं, आणि त्याच्या आठवणीने आजही हळवे होणारे लोक. त्यांना चिखल हवा होता, लांब कल्ले हवे होते, जॉर्ज बेस्ट हवा होता. मी जुनी चित्रणं पाहायला बसलो आणि पहिल्याच तासात एका यंत्रापाशी अडकलो. यंत्र ओळखीचं होतं. मुंबईतल्या एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक म्हणून उमेदवारीची वर्षं मी ज्याच्या खडखडाटात काढली, तोच टेलिप्रिंटर. आमच्याकडे तो कोपऱ्यातल्या खोलीत बंद असे. शिपाई अधूनमधून कागद फाडून आणी आणि टेबलावर टाकून जाई. बीबीसीने त्याच यंत्रासमोर कॅमेरा लावला होता, आणि शनिवारी संध्याकाळी घराघरांत लोक त्याच्याकडे टक लावून बसत होते.

त्यांना पाहायला दुसरं काही नव्हतं, हे आधी सांगायला हवं. लीगचे सामने टीव्हीवर थेट दाखवायला क्लबांचे मालक तयार नव्हते. लोक घरी बसले तर दारावरचं तिकीट कोण काढणार? बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी तर काही वर्षं बीबीसीचे कॅमेरे आपल्या मैदानात येऊच दिले नाहीत. एफए कपचा अंतिम सामना, इंग्लंड-स्कॉटलंड, एखादी युरोपीय लढत, असं मोजकंच थेट. त्यामुळे असा सामना आला की देश ओस पडे. १९७० मध्ये चेल्सी आणि लीड्स यांच्यातला अंतिम सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळवला गेला, तेव्हा तो सुमारे २ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला.

लीगचे मात्र निवडक तुकडे. बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ २२ ऑगस्ट १९६४ रोजी सुरू झाला. लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ हरवलं तो सामना. प्रेक्षक अवघे वीस हजार, म्हणजे मैदानावर हजर होते त्यांच्या निम्मेसुद्धा नाहीत. सत्तरच्या दशकात हा कार्यक्रम शनिवार रात्रीचा शिरस्ता झाला. रविवारी दुपारी आयटीव्हीवर लंडनकरांना ब्रायन मूर यांचा ‘द बिग मॅच’, इतर प्रांतांना आपापले कार्यक्रम. कुठला सामना दाखवणार हे आधी जाहीर करायला बंदी होती. आणि निकाल तर दुपारीच लागलेला. मग तो कानावर पडू नये म्हणून माणसं काय काय करत! १९७३ मधल्या ‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्स’ या विनोदी मालिकेचा एक भागच त्यावर बेतलेला आहे. बॉब आणि टेरी दिवसभर निकालापासून तोंड लपवत फिरतात. वर्तमानपत्राच्या मथळ्याचा तुकडा नजरेस पडतो, ‘इंग्लंड’ आणि पुढे एकच अक्षर, ‘एफ’. त्या ‘एफ’चं काय करायचं? डोकं फुटायची वेळ येते. शेवटी कळतं की मैदानात पाणी साचल्याने सामना झालाच नाही.

एका अक्षरापाशी अडकून पडण्याचा हा खेळ टेलिप्रिंटर दर शनिवारी खेळत होता. बीबीसीचा ‘ग्रँडस्टँड’ १९५८ मध्ये सुरू झाला. दुपारभर घोड्यांच्या शर्यती, रग्बी, पोहणं, काय वाट्टेल ते. सगळे फुटबॉल सामने तीनला सुरू होत आणि चार चाळीसच्या सुमारास एकदम संपत. चार विभागांत मिळून ९२ क्लब, म्हणजे एका दुपारी जास्तीत जास्त ४६ सामने, शिवाय स्कॉटलंडचे वेगळे. ते सगळे निकाल कॅमेऱ्यासमोर अक्षरा-अक्षराने छापले जात. डेव्हिड कोलमन, आणि १९६८ पासून फ्रँक बॉफ, शेजारी उभं राहून बोलत. कोलमन यांचं कौतुक असं, की निकालाची ओळ पुरी व्हायच्या आत हा संघ आता कितवा आला, किती सामन्यांनंतर जिंकला, हे ते सांगून मोकळे होत.

आता थोडं यंत्राच्या पोटात शिरू. माझा जीव तिथेच रमतो.

टेलिप्रिंटरची प्रत्येक खूण पाच टिपक्यांची, प्रत्येक टिपका ‘आहे’ किंवा ‘नाही’. अशा जुळण्या होतात बत्तीस. इंग्रजी अक्षरं सव्वीस. मग आकडे बसवायचे कुठे? उपाय असा, की तीच खूण दोनदा वापरायची. आधी ‘आता आकडे’ असा इशारा पाठवायचा, आकडे पाठवायचे, मग ‘आता अक्षरं’ असा दुसरा इशारा. लहान-मोठ्या लिपीची चैन या हिशेबात बसतच नाही, म्हणून सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत. वेग सेकंदाला साडेसहा अक्षरांच्या आसपास. ‘वुल्व्हरहॅम्प्टन’ उमटेपर्यंत त्या गावच्या माणसाचा जीव टांगणीला.

खरी गंमत तारेत गडबड झाली की. ‘आता आकडे’ हा इशारा वाटेत हरवला तर यंत्र मुकाट्याने अक्षरं छापत राहतं. एकच्या जागी क्यू, दोनच्या जागी डब्ल्यू, तीनला ई, चारला आर, पाचला टी. टंकयंत्राची वरची ओळ डावीकडून उजवीकडे, शून्याला पी. आमच्या टेबलावर ‘धरणासाठी टी-पी कोटींची तरतूद’ अशी बातमी आली की ज्येष्ठ सहकारी मान वर न करता म्हणत, ‘पन्नास.’ नवख्याची परीक्षा यातच होई. मी पहिल्या आठवड्यात नापास झालो होतो.

मोठा निकाल आला की आकड्यापुढे कंसात तोच आकडा अक्षरीही येई. सात, आणि कंसात पुन्हा ‘सेव्हन’. म्हणजे चूक नव्हे बाबांनो, खरंच सात गोल झालेत. धनादेशावर आपण रक्कम दोनदा लिहितो तसंच. आणि धनादेशाची उपमा इथे नुसती अलंकाराला नाही, कारण बघणाऱ्यांपैकी लाखोंच्या मांडीवर ‘पूल्स’चा कागद असे. लिटलवुड्स, व्हर्नन्स अशा कंपन्यांच्या या पैजेत आठ सामने निवडायचे आणि ते बरोबरीत सुटावेत म्हणून देव पाण्यात घालायचे. गोल होऊन झालेल्या बरोबरीला तीन गुण, शून्य-शून्यला दोन. १९६१ मध्ये कॅसलफर्डच्या व्हिव्ह निकल्सन यांच्या नवऱ्याने १,५२,३१९ पौंड जिंकले आणि दोघांनी मिळून ते उडवले. १९६३ च्या कडाक्याच्या थंडीत मैदानं गोठून सामने रद्द व्हायला लागले, तेव्हा कंपन्यांनी टॉम फिनी, टॉमी लॉटन असे जुने खेळाडू एका खोलीत बसवून न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवले! आपल्या मटक्यालाही इतकी कल्पनाशक्ती सुचली नसती.

यंत्रानंतर माणूस. लेन मार्टिन, मूळचे ऑस्ट्रेलियन. ‘ग्रँडस्टँड’च्या पहिल्या दिवसापासून १९९५ मध्ये वारले तोवर सगळे निकाल त्यांनीच वाचले. चेहरा कुणी फारसा पाहिला नाही, फक्त आवाज. यजमान संघाचं नाव आणि आकडा एका सुरात, मग पाहुण्या संघाचं नाव, आणि त्या नावाच्या चढ-उतारावरून आकडा उच्चारायच्या आधीच निकाल कळायचा. आवाज उतरला की पाहुणे हरले, चढला की जिंकले, सपाट राहिला की बरोबरी. रेडिओवर जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी हीच रीत इतकी घोटली की लोक घरात पाहुण्यांचे आकडे त्यांच्या आधी ओरडत. स्कॉटलंडचे निकाल शेवटी. ‘ईस्ट फाइफ फोर, फॉरफर फाइव्ह’ हा तिथला ‘कच्चा पापड, पक्का पापड’.

यंत्र पुढे गेलं. पडद्यावर इलेक्ट्रॉनिक अक्षरं आली, आणि आजचे निकालांचे कार्यक्रमसुद्धा ती एकामागून एक उमटवतात, जणू कुठे तरी हातोडी आपटते आहे. अख्खी यादी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच दाखवू शकणारा संगणक मुद्दाम अडखळतो. मला हे फार आवडलं, आणि लेख इथेच संपवावा असं मनात होतं.

पण मी माझ्या आतेभावाला फोन केला. अण्णा मूळचा कोल्हापूरचा, तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर खेळलेला. पेठेच्या सामन्याला घसा बसेपर्यंत ओरडणारा. डॉक्टर होऊन १९७४ मध्ये इंग्लंडला गेला, मिडलंड्समधल्या एका इस्पितळात. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचं मैदान बसने वीस मिनिटांवर. निवृत्त होऊन आता परत आला आहे. मला वाटलं, हा माणूस म्हणजे आठवणींची खाण.

‘मैदानावर? एकदाबी न्हाई गेलो लेका,’ तो म्हणाला. ‘मेसमधल्या टीव्हीवर ते मशीन बघायचो. तेच बरं वाटायचं.’

‘का रे अण्णा?’

‘त्याला आवाज नव्हता.’

मी लॅपटॉपवर त्याच क्लबचा एक सामना घेऊन कोल्हापूरला गेलो. ३० डिसेंबर १९७८, ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेड ३, वेस्ट ब्रॉमविच ५. त्या दशकातल्या सर्वांत देखण्या सामन्यांत याची गणना होते. मध्यंतराला ३-३. मग लॉरी कनिंगहॅम आणि सिरिल रेजिस यांनी एकेक गोल केला. त्यांच्याच संघात ब्रेंडन बॅट्सन. तिघे कृष्णवर्णीय, एकाच संघात, हे तेव्हा नवल होतं. महिनाभर आधीच व्हिव्ह अँडरसन इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला होता.

चित्रण लावलं आणि ऐकू आलं. त्या तिघांच्या पायात चेंडू गेला की हुर्यो. पुन्हा गेला की पुन्हा. समालोचक जेराल्ड सिन्स्टाट यांनी बोलता बोलता त्या हुर्योची नोंद केली, आणि ती नापसंतीने केली. त्या काळात असं करणारे थोडेच. बाकीच्या समालोचनांत हा आवाज पावसासारखा मागे पडत राहतो, कुणी काही म्हणत नाही. मैदानांबाहेर नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक आपली पत्रकं विकत उभे असत. ‘मला कोण खेळाडू समजणार हुतं?’ अण्णा म्हणाला. ‘बसमध्ये शनवारी गळ्यात पट्टे घातल्याली पोरं चढली की आम्ही दोन थांबे आधीच उतरायचो. मी आणि लाहोरचा एक डॉक्टर.’

त्या संघाचे व्यवस्थापक रॉन अ‍ॅटकिन्सन यांनी या तिघांना एकत्र मैदानात उतरवलं, त्यांचं कौतुक झालं. पुढे ते टीव्हीवर बोलायला बसू लागले. २००४ मध्ये माईक बंद आहे असं समजून एका कृष्णवर्णीय खेळाडूबद्दल जे बोलले, त्याने त्यांची ती नोकरी गेली.

त्या शनिवारी टेलिप्रिंटरने ३ आणि ५ हे दोन आकडे छापले असणार. इशारा हरवला असता तर ई आणि टी. हुर्योसाठी बत्तीस खुणांत जागा नाही. मी महिनाभर ज्या यंत्रावर जीव टाकत होतो, त्याचा हा गुण मला तोवर दिसलाच नव्हता. जुन्या आठवणींचे खास अंकही मला आता तसेच वाटू लागले आहेत, पण अण्णाला मी हे बोललो नाही. तो पडद्याकडे झुकून बसला होता. कनिंगहॅम चेंडू घेऊन धावला, बचावपटू मागे पडला, गोल झाला. अण्णाचा उजवा पाय खुर्चीखाली हलला.

‘तेवढं परत लाव,’ तो म्हणाला. ‘आवाज नको.’