पैसा नोटेत नाही, नोंदीत असतो

आज गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात जरा लांबून करू.

पॅसिफिक महासागरात याप नावाचं बेट आहे. तिथे पूर्वी दगडाचा पैसा चालायचा. जात्यासारखे गोल, मधे भोक पाडलेले दगड, काही तर माणसापेक्षा उंच. सुमारे ४०० किलोमीटरवरच्या पलाऊ बेटांवरून ते समुद्रातून आणायचे. एवढा दगड बाजाराला कोण नेणार? तो जागेवरच राहायचा. व्यवहार झाला की 'आता हा अमक्याचा' एवढं गावानं मानायचं. एक दगड म्हणे आणतानाच वादळात बुडाला. पण तो कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून समुद्राच्या तळाशी असूनही त्या घराची श्रीमंती कायम राहिली.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. एक आजी मात्र म्हणाल्या, "त्यात नवल काय? माझे पैसे बँकेच्या कुठल्या कपाटात आहेत, ते मी तरी कुठं बघितलंय?"

आजींनी अगदी नेमकं धरलं. पैसा म्हणजे कोणाचं कोणाकडे किती, याची सगळ्यांनी मानलेली नोंद. नोटसुद्धा रिझर्व्ह बँकेचं लेखी वचनच आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटांचं ते वचन काढून घेतलं, आणि डाळीच्या डब्यात घरच्यांपासून लपवलेली पुंजी कितीतरी बायकांना बाहेर काढावी लागली. कागद तोच होता, फक्त मान्यता गेली.

आता ही नोंद फोनमध्ये आली आहे. आफ्रिकेत केनिया देशात २००७ साली एम-पेसा सुरू झालं. स्वाहिली भाषेत पेसा म्हणजे पैसाच. साधा बटणांचा फोन, इंटरनेट नाही, तरी पैसे जातात. आधी ते छोट्या कर्जाचे हप्ते भरण्यासाठी करून बघितलं होतं. पण लोक त्यावरून एकमेकांना पैसे पाठवायला लागले, मग शहरातून गावी पैसे पाठवायची सोय म्हणूनच ते पुढे आलं. आपल्याकडे २०१६ पासून यूपीआय आलं. सोय मोठी आहे, आम्ही तिच्या विरोधात नाही.

पण आमच्या गटातलं सांगतो. एका ताईंनी गटाच्या कर्जातून शेळ्या घेतल्या, दोन वर्षं राखल्या. विकल्या तेव्हा व्यापाऱ्यानं पैसे फोनवरून टाकले, मुलाच्या नंबरवर. ताईंकडे फोनच नव्हता. हप्त्याची तारीख आली तेव्हा त्या मुलाकडे मागायला गेल्या, तर तो म्हणाला, "खर्च झाले." शेळ्या ताईंच्या, कर्ज ताईंच्या नावावर आणि कमाईची नोंद दुसऱ्याच्या. नोट हातात पडली असती तर निदान पदराच्या गाठीला तरी बांधली असती. ते तीन हप्ते गटानं सांभाळून घेतले. मुलाशी बोलणं अजून चालू आहे, त्यावर इथे जास्त सांगत नाही.

त्यानंतर आम्ही प्रत्येकीचं पासबुक तपासलं. खातं बाईचं, पण त्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा, दिराचा, एकीचा तर बंद पडलेला! नंबर बदलायला बँकेत तीन-तीन खेपा झाल्या, पण बदलले. ज्यांच्याकडे फोन नाही, त्या दर महिन्याला पासबुक भरून आणतात आणि बैठकीत मोठ्यानं वाचतात.

पिनचंही बघा. पैसे येणार असतील तर पिन लागत नाही, पिन पैसे जाताना लागतो. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन लावा, उशीर नको.

पुढच्या बैठकीला येताना पासबुक आणा, आणि खात्याला कोणाचा नंबर जोडलाय ते आधी बँकेत विचारून या.