शिबिर संपते तेव्हा
(लेखमाला : चार भिंतींपलीकडे – लेखांक ६)

“मागल्या वर्षी बी पोरं आली व्हती. समदं लिहून घेऊन गेली. त्याचं पुढं काय झालं?”

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथ्यावरच्या एका वाडीत विहिरीच्या काठावर एका आजींनी हे विचारले. नववीच्या मुली दोराला दगड बांधून पाण्याची पातळी मोजत होत्या. त्यांचे हात थांबले. मागच्या वर्षी आलेली शाळा दुसरी होती. तिने पाच दिवस मुक्काम केला, घरोघर प्रश्न विचारले आणि वह्या घेऊन ती शहरात परतली. वाडीला त्या वह्यांतले एक पानही पुन्हा दिसले नव्हते.

गेल्या आठवड्यात आपण निवासी शिबिरातला एक दिवस पहाटेपासून शेकोटीपर्यंत पाहिला. शिबिरात मुले मोकळी होतात, निरीक्षण करायला शिकतात, हे खरेच आहे. पण शिबिराची खरी परीक्षा बस परत निघाल्यावर सुरू होते. तिथे पाहिलेले वर्गातल्या फळ्यावर पोहोचले का, आणि ज्या गावाने शिकवले त्या गावाकडे काही परत गेले का? माझ्या मते ही दोन्ही उत्तरे ‘नाही’ असतील, तर ती सहलच झाली. तिला शिक्षण म्हणू नये.

शिबिर, वर्ग आणि गाव जोडायचे कसे, ते त्याच विहिरीच्या उदाहरणाने पाहू.

तालुक्याच्या याच टोकाला घाटघर, रतनवाडीकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच तालुक्यात पूर्वेला अकोले गावाकडे याचा लहानसा हिस्साच पोहोचतो. तरीही पावसाच्या माहेरघरात मार्च उजाडला की बाया डोक्यावर चुंबळ ठेवून दूरच्या झऱ्याकडे निघतात. इतका पाऊस पडूनही पाणी का टिकत नाही, हा प्रश्न शिबिरात सुचण्याची वाट पाहू नये. महिनाभर आधी तो वर्गात मांडावा आणि मुलांना अंदाज करू द्यावेत. “झाडे तोडली म्हणून”, “धरण झाले म्हणून”, “विहीर उथळ आहे म्हणून” अशी उत्तरे येतील. ती सगळी फळ्यावर लिहून तशीच ठेवावीत. बालभारतीच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. नळदुर्गहून अलिबागपर्यंतच्या प्रवासाचा तो पाठ पुष्कळ वर्गांत बाकावर बसून वाचला जातो आणि संपतो. शिबिराची तयारी म्हणून तो वाचला, तर त्यातली प्रश्नावली मुलांच्या खऱ्या कामाला येते.

मग वाडीवर गेल्यावर विहिरीच्या भिंतीकडे पाहायचे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भुसभुशीत खडक आणि मग काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा प्रदेश घडला. काळ्या कातळात पाणी शिरते ते फक्त भेगांतून. साठते ते मुरमात आणि मांजऱ्यात. उतार तीव्र, साठवणारा थर पातळ, त्यामुळे चार महिने कोसळलेले पाणी बहुतेक वाहून जाते. हे सगळे मुलांना भूगोलाच्या शिक्षकांपेक्षा विहिरी खोदलेला माणूस नीट सांगतो. कुठल्या थराला झरा लागतो, सुरुंग कुठे लावला तर झरा आटतो, हे त्याच्या हातांना ठाऊक असते. शिबिराच्या वेळापत्रकात त्याचा तास ‘पाहुण्यांचे मनोगत’ म्हणून रात्री जेवणानंतर ठेवू नये. सकाळचा पहिला तास त्याचा असावा, आणि शाळेने इतर तज्ज्ञांना मानधन दिले असेल तर त्यालाही द्यावे.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावातले ज्ञान म्हणजे काय, हे मुलांना समजावायला आणखी भाषण लागत नाही.

आता परतल्यानंतरचे, सर्वांत दुर्लक्षित काम. विज्ञानाच्या तासाला थरांची आकृती निघते आणि फळ्यावरचे जुने अंदाज तपासले जातात. मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो तो गणिताचा तास. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. चाळीस चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर आणि चार हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर १,६०,००० लिटर. पंधरा लिटरचा हंडा मानला तर दहा हजारांहून जास्त हंडे एकाच घरावरून वाहून जातात! मुले लगेच म्हणतात, मग टाकी बांधा. बांधू. पण एवढे पाणी मावायला आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल टाकी लागेल, म्हणजे घरापेक्षा टाकी मोठी. इथे वर्ग गप्प होतो, आणि ही शांतता मोलाची असते. मग कोणीतरी उलटा विचार करते : सगळे पाणी कशाला, उन्हाळ्यापुरतेच साठवले तर? पाच माणसे, पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज वीस लिटर, नव्वद दिवस. उत्तर ९,००० लिटर. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच टाकीत ते मावते. शाळेतल्या घनफळाच्या गणिताने दिलेले हे उत्तर एखाद्या घराच्या खरोखर उपयोगाचे आहे.

ते वर्गातच राहिले तर आजींचा प्रश्न तसाच राहतो. म्हणून दोन-तीन कागदांचा तक्ता करावा : कोणत्या विहिरीत कोणत्या तारखेला किती पाणी होते, कोणत्या घरांची छपरे योग्य आहेत, किती लिटरची टाकी पुरेल. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तिथे मुलांनी, शक्यतो वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांबरोबर, हा तक्ता मांडावा. गावकरी चुका काढतील. “ती विहीर आमची नाही, खालच्या आळीची”, असे सांगतील. त्या दुरुस्त्या वहीत उतरवणे हाही अभ्यासाचाच भाग. टाकी बांधायची की नाही आणि कोणाची आधी, हे गाव ठरवेल. शाळेने ते ठरवू नये आणि तसे आश्वासनही देऊ नये.

वाडीवरच्या मुलांचा उल्लेख मुद्दाम केला. बहुतेक शिबिरांत ती पाहणाऱ्यांच्या गर्दीत उभी असतात. आपला वारसा मात्र वेगळा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, ते पुढे कोसबाडला नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला नाव दिले कुरणशाळा. तिथे परिसर हेच पुस्तक होते आणि त्या परिसरातली मुले हेच विद्यार्थी होते. आपण शहरातल्या मुलांना त्याच परिसरात नेतो तेव्हा तिथल्या मुलांना बाजूला उभे करणे हा त्या वारशाचा अपमान आहे. विहीर मोजणाऱ्या प्रत्येक गटात निम्मी मुले वाडीची असावीत. शिबिर गेल्यावर दर महिन्याला दोर सोडून पातळी मोजणारी तीच असतात. वर्षभराची नोंद त्यांच्यामुळेच पुरी होते.

१९६९ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय सेवा योजनेत ही दिशा आखलेली आहे : महाविद्यालयाने गाव दत्तक घ्यायचे, सात दिवसांचे निवासी शिबिर तिथे करायचे आणि वर्षभर काम चालू ठेवायचे. जिथे एकाच गावाशी अनेक वर्षे नाते टिकते, तिथे फरक दिसतो. दर वर्षी नवे गाव आणि नवा फलक, असे झाले की सात दिवसच उरतात. शाळांनीही तीन वर्षे तरी गाव बदलू नये.

हिवाळी शिबिरांची आखणी आता अनेक शाळांत सुरू होईल. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे : बसचे भाडे ठरवताना परतभेटीचेही भाडे बाजूला ठेवा आणि गावाला तिची तारीख जाण्यापूर्वीच कळवा. १ मेच्या ग्रामसभेला गेलात तर विहिरीचा तळ कसा दिसतो, तेही मुलांना पाहता येईल.

(पुढील लेखांकात : शिबिराला येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी शाळेच्या आवारातला अभ्यास)