मनोरुग्णाची जीवनगुणवत्ता : प्रश्नावलीचे मराठीकरण व प्रमाणीकरण

मानसविकारांत चिकित्सेचा गुण कसा मोजावा, हा आपल्या व्यवसायातील जुना प्रश्न आहे. निद्रा आली, रडणे थांबले, एवढ्यावरून रुग्ण बरा झाला असे म्हणता येत नाही. तो संसारात व कामात पुन्हा रमला का, हे पाहावे लागते. चरकाचार्यांच्या सुखायु-दुःखायु, हितायु-अहितायु या विचारात ही दृष्टी आहेच. आधुनिक वैद्यकात त्यासाठी जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावल्या वापरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अशी १०० प्रश्नांची प्रश्नावली १५ केंद्रांतून सिद्ध केली. त्यांत नवी दिल्ली व तत्कालीन मद्रास ही केंद्रे होती. तिच्या संक्षिप्त रूपात २६ प्रश्न असून शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध व परिसर असे चार विभाग आहेत. मागील दोन आठवड्यांच्या अनुभवावरून प्रत्येक उत्तरास १ ते ५ गुण देतात. वेदना, उपचारांची गरज व उदासी-चिंतादी भावना या तीन प्रश्नांचे गुण मात्र उलटे धरावयाचे असतात.

काही वर्षांपूर्वी मुलुंड येथील माझ्या चिकित्सालयात मी यातील प्रश्न स्वतःच भाषांतरित करून वापरले. 'आपले जीवन किती अर्थपूर्ण वाटते?' या प्रश्नावर एक गृहिणी म्हणाल्या, "डॉक्टर, पैशाचीच तर ओढाताण आहे." समाधानाच्या प्रत्येक प्रश्नास मात्र त्यांनी वरचे गुण दिले. एकूण गुण पाहून मी औषधाची मात्रा कमी केली. पंधरा दिवसांत त्यांची झोप व अन्न दोन्ही तुटले. विचारता त्या म्हणाल्या, "आहे त्यात समाधान मानावं, असंच शिकलोय." मी अनुभव विचारला होता, त्यांनी संस्कार सांगितला. मात्रा पूर्ववत करून त्यांना मानसरोगतज्ज्ञांकडे पाठविले. दोष त्यांच्या उत्तराचा नव्हता, माझ्या शब्दांचा होता.

म्हणूनच भाषांतराची शास्त्रीय रीत आहे. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे मराठी भाषांतर करावे व दोहोंचा मेळ घालावा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने त्याचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करावे व तज्ज्ञांनी ते मुळाशी ताडून पाहावे. तथापि 'अर्थपूर्ण' हा शब्द या कसोटीतून सहज सुटतो. त्यामुळे काही रुग्णांना प्रश्न वाचून दाखवून 'यातून आपणास काय समजले?' असे विचारणे हाच खरा कस होय.

यानंतर प्रमाणीकरण येते. प्रकृती स्थिर असता त्याच रुग्णाचे गुण पुन्हा तेवढेच येणे ही विश्वसनीयता. रुग्ण व निरोगी यांच्या गुणांत अपेक्षित भेद दिसणे हा सप्रमाणतेचा एक पुरावा. घाटकोपरच्या गुजराती वा बोरिवलीच्या हिंदी भाषक रुग्णासाठी त्या त्या भाषेतील प्रतीची अशीच परीक्षा हवी.

चिकित्सकांनी घरगुती भाषांतर टाळून परीक्षित प्रत, तिच्या वापराच्या अटी पाहून, घ्यावी. निरक्षर रुग्णास प्रश्न वाचून दाखवावेत, पण उत्तर सुचवू नये. शक्यतो नातेवाइकांना बाहेर बसवावे. औषधी विक्रेत्यांनीही एखाद्या योगाच्या पत्रकावर 'जीवनगुणवत्ता सुधारते' असे वाचल्यास कोणती प्रश्नावली, कोणत्या भाषेत व कोणत्या रुग्णांत वापरली, हे प्रतिनिधीस अवश्य विचारावे.

प्रश्नपरीक्षा हे रुग्णपरीक्षेचे अंगच आहे. प्रश्न रुग्णापर्यंत पोहोचला की नाही, हे पाहूनच उत्तरावर विसंबावे.